वेलासुराचा जबाब

माझ्या नोकरीतले बाकीचे गुन्हे फायलीत राहिले. हा एक माझ्याबरोबर घरी आला आणि निवृत्तीनंतरही गेला नाही. कानामागे हिरवा रंग राहिलेला एक माणूस खाली मान घालून माझ्या टेबलासमोर उभा आहे, हे चित्र अजून तसंच्या तसं आहे.

मी तेव्हा फौजदार होतो, मुलुंडच्या बाजूच्या एका ठाण्यात. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगत नाही. त्यांची पोरंबाळं अजून तिथेच राहतात. माझ्याबद्दल मात्र एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील साताऱ्याकडच्या एका गावचे कोतवाल. फौजदार गावात आला की त्याची पेटी डोक्यावर घेऊन पुढे चालायचं, हे त्यांचं काम. त्यांचा मुलगा बी.ए. झाला आणि स्वतः फौजदार झाला. याचा मला अभिमान होता, अजून आहे. पण त्या अभिमानाचा या गुन्ह्याशी संबंध आहे, म्हणून सांगितलं.

गिरण्यांच्या संपाला दोनेक वर्षं झाली होती. सत्तावीस जानेवारीची सकाळ. मी ड्यूटीवर आलो आणि स्टेशन डायरी वाचली. रात्री हॉस्पिटलमधल्या ड्यूटी हवालदाराने कळवलेलं होतं: पुरुष, वय अंदाजे अठ्ठावीस, उलट्या, नाडी मंद, विषबाधेचा संशय, जबाब देण्याच्या स्थितीत नाही. पत्ता डोंगराच्या पायथ्याच्या बैठ्या चाळीचा. डायरी मिटतोय तोवर फोन वाजला.

"साहेब, वेलासुराने राजाला विष घातलं."

"कोणी कोणाला?"

"वेलासुराने. राजाला."

"राजाचं आडनाव काय?"

"राजाला कसलं आडनाव, साहेब? राजा तो. काल संध्याकाळी, पूजेच्या मैदानावर."

"कोणी पाहिलं?"

"चारशे माणसांनी पाहिलं. सगळ्यांसमोर झालं."

"सकाळी सकाळी घेऊन बसलायस का रे?"

पलीकडून फोन ठेवला गेला. मी डायरीत लिहिलं, 'निनावी फोन. बोलणे असंबद्ध.' ही नोंद माझ्या हातची आहे. त्या माणसाने पहिल्याच दोन मिनिटांत मला जवळजवळ सगळं सांगितलं होतं, हे कळायला मला तीन दिवस लागले.

त्या चाळीत बहुतेक वस्ती मालवणकडच्या लोकांची. पूर्वी गिरणीत होते, आता कोणी कारखान्यात, कोणी पोर्टरकी, कोणी घरीच. सव्वीस जानेवारीला त्यांची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा असे. सकाळी पूजा, दुपारी प्रसाद, बायकांचं हळदीकुंकू, आणि संध्याकाळी पाच वाजता दशावतारी नाटक. गावाकडे ते रात्रभर चालतं म्हणे. इथे लाऊडस्पीकरची परवानगी दहापर्यंतची, म्हणून पाचला सुरू करून साडेआठला संपवत. ती परवानगी मीच सही करून दिली होती. अर्जात 'धार्मिक नाटक' एवढंच लिहिलेलं होतं.

चाळीत गेल्यावर पहिल्या तासात माझं डोकं चक्रावलं. आख्यान नवीन होतं, मंडळाच्या म्होरक्याने स्वतः रचलेलं. हा सत्तरीचा म्हातारा, त्याला सगळे आबा म्हणत. गोष्ट अशी: वेलासुर नावाचा एक राक्षस. तो माणूस नाही, जनावर नाही, चालतीबोलती विषारी वेल. राजाच्या राज्यात तो पसरतो आणि शेवटी राजा त्याला मारतो. राजाचं काम करणारा तरुण एका कारखान्यात फिटर होता. तो हॉस्पिटलात पडला होता. वेलासुराचं काम करणारा चाळिशीचा, पूर्वी गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार, आता एका औषधाच्या कारखान्यात वॉचमन.

"नाटकाचं पुस्तक द्या," मी आबांना म्हटलं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी काम केलं होतं. नाटक म्हणजे पुस्तक, पाठांतर आणि विंगेतून सांगणारा एक जण, एवढं मला ठाऊक होतं.

"पुस्तक कसला?" आबा म्हणाले. "आमच्यात पुस्तक नसता. मी रंगपटात बसान सांगतंय, तू राजा, तू राक्षस, हय भेट, हय युद्ध, हय मरण. बोलूचा काय ता ज्येचा त्येना बगूचा."

"म्हणजे राक्षस काल काय बोलला, हे कुणाला माहीत?"

"त्येकाच म्हायत. आनि आता त्येकापन सगळा आठवूचा नाय."

चारशे साक्षीदार, आणि काय घडायचं ठरलं होतं याचा एक कागद नाही. मी तिथेच ठरवलं की या लोकांकडून काम काढायचं तर शिस्त लावावी लागेल. आमचे रायटर, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम सांभाळणारे हवालदार, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. अक्षर छापल्यासारखं. त्यांना मी सांगितलं, "हवालदार, हे लोक गोष्ट सांगायला लागले की थांबत नाहीत. नाटकातलं लिहू नका. घडलेलं लिहा."

"नाटकातलं अजिबात नको, साहेब?"

"अजिबात नको. राक्षस मेला, राजा जिंकला, हे कोर्टाला दाखवायचंय का आपल्याला?"

"बरं, साहेब."

दोन दिवसांत एकोणतीस जबाब झाले. सगळ्यांतून तीन गोष्टी पक्क्या निघाल्या. एक, राजाचं काम सहा-सात वर्षं हा वॉचमनच करत होता. यंदा आबांनी ते तरुणाला दिलं आणि याला राक्षस केलं. त्यावरून नळावर सगळ्यांदेखत भांडण झालं. "माझ्या मुकुटात तुझं डोकं बसतं का बघू," असं हा म्हणाला होता. दोन, मध्ये चहा झाला तेव्हा राजाला कप याच्या बायकोने नेऊन दिला. तीन, आणि ही सगळ्यांत विचित्र, राक्षसाने भर नाटकात राजाला सांगितलं होतं की तुला सगळं जग पिवळं दिसेल, तुझ्या काळजाचा ठोका चुकेल, तुझे हातपाय गार पडतील.

हे नाटकातलंच होतं, पण धमकी म्हणून मी ते लिहून घेतलं. सोयीचं तेवढं घेतलं, असंही म्हणा.

हॉस्पिटलात गेलो तर तिथला डॉक्टर म्हणाला, "नाडी चाळीसवर. मधेच ठोका चुकतो. आणि सारखा म्हणतो, सगळं पिवळं दिसतंय."

राक्षस बोलला तसंच. मी तर्काने चालणारा माणूस, भुताखेतांवर विश्वास नाही. पण त्या दिवशी जीपमध्ये बसल्यावर मी पाच मिनिटं ड्रायव्हरला गाडी सुरू कर म्हणालो नाही.

डॉक्टर पुढे म्हणाला होता, "साहेब, गुन्हेगार कोण ते तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, याच्या पोटात काय गेलंय? मी ढेकणाचं औषध धरून चाललोय, पण ते नीट जुळत नाही. उलट्या त्याने घरीच केल्या, चाळवाल्यांनी पाणी मारून मोरी धुऊन टाकली. हेच एक-दोन दिवस महत्त्वाचे आहेत."

"त्याला विचारलं का, काय खाल्लंस?"

"विचारलं. म्हणतो, राक्षस खाल्ला." डॉक्टरने केसपेपर दाखवला. तिथे लिहिलेलं होतं, 'रुग्ण असंबद्ध बोलतो.' माझ्या डायरीतलाच शब्द.

त्याच संध्याकाळी मी वॉचमनला अटक केली. विष देऊन इजा केल्याचा गुन्हा, कलम तीनशे अठ्ठावीस. त्याच्या वेषाचा पंचनामा केला: गोणपाटाचा अंगरखा, त्यावर शिवलेली अशोकाची पानं, गारवेलीच्या दोऱ्या, कापडाची दोन हातभर लांब मुळं, रंगाची डबी. छातीवर मधोमध सुतळीचा एक रिकामा फास होता. पंचांनी विचारलं, "हे काय लिहायचं?" मी सांगितलं, "सुतळीचा फास एक, उपयोग समजून आला नाही." रंगाची डबी आणि अंगरखा सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवला. हिरव्या रंगात जुना हरताळ आहे असं आबा सहज बोलले होते. हरताळ म्हणजे विष, हे मी वाचलेलं होतं. मला वाटलं, मिळालं. प्रयोगशाळेने कळवलं की अहवालाला महिना लागेल.

दुसऱ्या दिवशी कोर्टाने तीन दिवसांची कोठडी दिली. त्याला माझ्यासमोर उभा केला. अंगाने सडपातळ, चेहरा साधा. रंग धुतला होता, पण कानामागे आणि नखांत हिरवा राहिला होता.

"राजाला का मारायला निघालास?"

"मी खंय मारतलंय, साहेब? त्येनाच माका मारल्यान."

"काय?"

"राजानं मला मारलं." शहरातल्या माणसाशी बोलताना तो सावरून बोलायचा. "मी तर मेलो होतो. शेवटची वीस मिनिटं मी मेलेलाच होतो. आरती होईपर्यंत उठलो नाही."

"नाटकातलं सांगू नकोस."

"मग काय सांगू? तेवढा वेळ मी नाटकातच होतो."

मी टेबलावर हात आपटला. त्याने काही फरक पडला नाही. मग मी पिवळं दिसण्याचा प्रश्न काढला. "हे तुला आधी कसं कळलं? विष काय करतं ते माहीत असल्याशिवाय असं कोणी बोलेल?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "साहेब, राक्षसाला अकरा शक्ती होत्या. तुम्हाला तीनच कोणी सांगितल्या?"

"सगळ्या सांग."

तो सरळ उभा राहिला, पाय फाकवले, आणि त्याचा आवाज बदलला. खरं सांगतो, खोलीत तोच माणूस नव्हता. "राजा, मी उभा राहीन तिथलं गवत जळेल. माझ्या सावलीत बसलेला उठणार नाही. मी श्वास सोडला की गोठ्यातलं दूध कासेतच नासेल. माझा चीक लागला तर कातडी केळीच्या सोपटासारखी सुटेल. मी शिवलो की तुला जग पिवळं दिसेल. तुझ्या काळजाचा ठोका चुकेल. तुझे हातपाय गार पडतील. माझी मुळं तुझ्या राणीच्या पलंगाखालून जातील. माझं बी वाऱ्यावर येईल आणि निजल्या पोराच्या कानात रुजेल. मला एकदा तोड, मी दोन होईन."

दारात दोन शिपाई आणि लॉकअपचा पहारेकरी येऊन उभे होते. एकाच्या हातात चहाचा ग्लास तसाच.

"पुरे," मी म्हटलं.

"अकरावी राहिली, साहेब."

"राहू दे. पिवळं दिसणं आलं कुठून ते सांग."

त्याचा आवाज परत वॉचमनचा झाला. "थोरल्या भावाला कावीळ झालेली. काळजाचा ठोका आईचा चुकायचा. हातपाय वडिलांचे गार पडले, लकव्याने गेले ते. उभ्या उभ्या बोलायचं म्हणजे घरात जे जे रोग बघितले ते ते बोललो. दहा बोललो, तीन लागले. लोक तीनच धरून बसले."

उत्तर बरोबर होतं. पण बरोबर उत्तर देणारा माणूस चतुर असतो, आणि चतुर माणूस विष घालू शकतो, असं मला वाटलं. मी त्याच्या कारखान्यात शिपाई पाठवला, तिथून कुठलं रसायन गेलंय का पाहायला. काही गेलं नव्हतं. पण पोलीस चौकशीला आले, एवढं मात्र तिथे सगळ्यांना कळलं. तो तिथे अजून कच्च्यावर होता. दोन वर्षं घरी बसून मिळालेली ती नोकरी. पुढच्या आठवड्यात कायम करणार होते. हे त्याने मला सांगितलं, आणि मी म्हटलं, "ते नंतर बघू."

त्याची बायको रोज सकाळी डबा घेऊन यायची. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. डबा हवालदाराच्या टेबलावर ठेवायची, झाकण उघडून भाजी कसली ते सांगायची आणि बाकावर बसून राहायची. त्यापलीकडे कोणाशी बोलायची नाही. तिच्या चहाच्या कपावरून मी तिचीही उलटतपासणी केली होती. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "एका किटलीतला चहा पंधरा जणांनी प्यायला. मी पण."

अटकेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातून निरोप आला की रात्र वाईट गेली, काही कळलं असेल तर लवकर कळवा. मी केबिनमधून वैतागून बाहेर आलो. ती बाकावरून उठली.

"साहेब, तो बरो आसा?"

"नाही. मेला तर तुझ्या नवऱ्यावर खून लागेल. त्याला सांग, काय घातलं ते बोल."

ती घाबरली नाही. कंटाळल्यासारखी म्हणाली, "माझ्या घोवाचा काळीज खाऊन तो आजारी पडलो, आनि तुमी माझ्या घोवाकच आत घातलात."

तिने टोमणा मारला होता. पण ती ज्या आवाजात डब्यातली भाजी कसली ते सांगायची, त्याच आवाजात हे बोलली. मी दोन पावलं गेलो होतो, थांबलो.

"बाई, खाऊन म्हणजे? खाल्ल्यासारखं केलं?"

"खाल्ल्यासारखा कशाक? चावून खाल्ल्यान. गिळल्यान पन. मी पुढ्यातच बसलंलंय. सगळी वराडत होती, खा, खा म्हणान."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सगळ्यांनी सांगितला. तुमचे हवालदार म्हणाले, नाटकातला नको."

मी रायटरच्या टेबलाशी गेलो. त्यांनी काही न विचारता खण उघडला आणि कच्ची वही काढली. जबाब आधी त्या वहीत घ्यायचे आणि मग पक्के करायचे, ही त्यांची पद्धत. पानं उलटत गेले. जवळजवळ प्रत्येक जबाबात एक ओळ खोडलेली. राजाने राक्षसाचे काळीज तोडून खाल्ले. राजाने काळीज खाल्ले व राक्षस मेला. काळीज दाताने तोडले व गिळले. मी मोजल्या. एकोणतीसपैकी चोवीस.

"तुम्हीच म्हणाला होता, साहेब," ते हळू म्हणाले. चिडून नाही. पंधरा वर्षं मोठ्या माणसाने मला ते असं सांगायला नको होतं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

लॉकअपचं दार उघडलं. "तुझी अकरावी शक्ती कुठली?"

तो उठून बसला. या वेळी त्याने आवाज बदलला नाही. "माझा जीव माझ्या छातीवर फुललाय. जो हात घालून ते फूल ओढून काढील, त्याला मी शरण."

"ते काळीज कशाचं होतं?"

"फुलांचा झेला, साहेब. सुतळीने छातीवर बांधलेला."

"कसली फुलं?"

"जास्वंदीची ठरली होती. लाल दिसतात. पण ती पूजेला सकाळी काढलेली. चार वाजता बघतो तर सगळी मिटून गेलेली. मिटलेलं काळीज काय दिसणार? म्हणून देवळामागच्या कण्हेरीची लाल फुलं काढली. कळ्यांसकट. भरगच्च दिसला झेला."

"राजाने तो खाल्ला."

"खाल्ल्यासारखं केलं असेल. हात घालून ओढल्याचं कळलं मला. मग मी मेलो."

"चावून खाल्ला. गिळला. चारशे लोकांनी पाहिलं. तू पाहिलं नाहीस?"

"मेल्यावर डोळे कसे उघडणार, साहेब?"

हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता, आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. मी एवढ्या वर्षांत गुन्हेगारांचे पुष्कळ चेहरे उतरताना पाहिले. हा तसा नव्हता. "कण्हेर," तो म्हणाला. "आमी गुरांक पन थय फिराक देनत नाय. साहेब, त्येका सांगा. डॉक्टरांक सांगा. ती कण्हेर होती."

पाहणाऱ्यांना दिसलं होतं की राजाने काळीज खाल्लं, पण ते कण्हेरीचं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळे जास्वंद समजत होते. वेलासुराला ठाऊक होतं की ती कण्हेर आहे, पण डोळे मिटून मेला असल्यामुळे राजाने ती खाल्ली हे त्याला ठाऊक नव्हतं. दोघांचं ऐकून जोड लावायचं काम कोणाचं होतं? माझं. आणि मीच मधली ओळ खोडायला लावली होती.

जीप देवळामागे नेली, कण्हेरीची फांदी तोडली आणि हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टरने फांदी हातात घेतली, एक शिवी हासडली, बहुधा स्वतःलाच, आणि पळत वॉर्डात गेला. त्याने उपचारात काय बदललं ते मला समजलं नाही, मी विचारलंही नाही. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिलो. राजाची आई तिथेच होती. तिने मला विचारलं, "साहेब, तुम्ही जेवलात?"

दोन दिवसांनी नाडी ठिकाणावर आली. मी स्वतः त्याचा जबाब घेतला. रायटरना म्हटलं, सगळं लिहा, नाटकातलंही.

"मला सुचलं, साहेब," राजा अंथरुणावर पडून म्हणाला. आवाज अजून बारीक होता. "फूल ओढून फेकून द्यायचं ठरलं होतं. पण पुढच्या बायका ओरडायला लागल्या, खा त्येका, खा. थांबलो असतो तर रंग गेला असता. कडू जहर लागलं. पण राक्षसाचं काळीज गोड कसं असेल, म्हणून गिळलं."

"त्याने तुला खायला लावलं?"

"तो? तो तर मेला होता." मग म्हणाला, "आणि मेला पण कसला झकास. माझ्याकडून तसं मरणं व्हायचं नाही."

जे ऐन वेळी याच्या डोक्यात आलं, त्याचा कट दुसरा कोणी आधी कसा रचणार? वॉचमनला पुराव्याअभावी सोडत असल्याचा अहवाल मी कोर्टात दिला. तो सुटला तेव्हा ठाण्यातून सरळ हॉस्पिटलात गेला. तिथे दोघांचं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. ते लिहून घ्यायला मी नव्हतो, हे बरंच झालं.

नोकरी मात्र गेली. मी युनिफॉर्म घालून त्या कारखान्याच्या मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, माणूस निर्दोष आहे, चूक आमची आहे. तो म्हणाला, "साहेब, तुमचं बरोबर आहे. पण औषधाचा कारखाना आहे. विषाच्या केसमधला वॉचमन ठेवला तर लोक काय म्हणतील?" मी वाद घातला. नंतर आणखी दोनदा गेलो. उपयोग झाला नाही. बायकोने कामगारांना डबे द्यायला सुरुवात केली, आणि हा सायकलवरून ते पोचवायला लागला. मी ठाण्यासाठी पाच डबे लावले. एवढंच माझ्या हातात होतं, आणि ते पुरेसं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

पुढे मी इन्स्पेक्टर झालो, हाताखाली नवीन फौजदार आले. बहुतेक पदवीधर. त्यांना मी एकच गोष्ट घासून घासून सांगितली. साक्षीदार जे बोलतो ते त्याच्या क्रमाने, त्याच्या शब्दांत आधी उतरवून घ्या. त्यातलं कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं हे त्या दिवशी तुम्हाला कळत नसतं. आपण चार बुकं शिकलो म्हणजे समोरचा अडाणी बोलतोय असं वाटतं, आणि तिथेच आपला कान बंद होतो. माझे वडील आयुष्यभर फौजदाराची पेटी उचलत चालले. वाटेत ते काही सांगायला गेले असतील, आणि फौजदार म्हणाला असेल, तू पुढे बघून चाल. तो फौजदार मी होईन असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीला लाऊडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज आला. सही केली, आणि संध्याकाळी पाच वाजता बंदोबस्ताच्या नावाखाली रायटरना घेऊन मैदानावर गेलो. आबांनी पहिल्या रांगेत खुर्च्या दिल्या. आख्यान तेच, कारण चाळीने हट्ट धरला होता. राजा तोच, जरा सुटला होता. पेटी-पखवाज वाजला आणि पडद्याआडून वेलासुर आला. छातीवर लाल कागदी फुलांचं काळीज, इतकं मोठं की शेवटच्या रांगेतूनही कागद आहे हे कळावं. लोक आधीच हसले.

त्याने शक्ती सांगायला सुरुवात केली. गवत, सावली, दूध, चीक. पिवळं दिसण्यापाशी राजाने डोळे चोळले आणि मैदान हसून लोळलं. अकरावी झाली. मला वाटलं आता युद्ध. पण वेलासुर थांबला, वळला, आणि ती कापडी मुळं ओढत अगदी माझ्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला.

"आणि राजा, माझी बारावी शक्ती ऐक," तो माझ्याकडे बघत गरजला. "चारशे माणसांसमोर मी उभा राहीन, चारशे माणसं माझं नाव घेतील, तरी फौजदाराच्या कागदात मी कधी सापडणार नाही."

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्याची बायको पुढ्यातच बसली होती, ती हसत नव्हती. ती मी काय करतो ते बघत होती.

रायटर माझ्या कानाशी वाकले. त्यांच्या मांडीवर ती कच्ची वही होती. का आणली होती, कोण जाणे.

"साहेब," ते म्हणाले, "हे नाटकातलं. लिहू?"

"लिहा," मी म्हटलं.